मुरमाच्या उतारावरची मूठ

"म्हणजे ब्रेकच बदलायला हवेत. उस्ताद, तुम्हीच सांगा, कुठले बसवू?"

अभिराज हे विचारत होता, तेव्हा त्याची बायको मृण्मयी शेजारच्या दगडावर बसून कोपराचं रक्त ओढणीनं टिपत होती. त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. तो गाडीचं पुढचं चाक न्याहाळत होता.

माझं डोकंच सणकलं.

उस्ताद म्हणजे नामदेव शेडगे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फौजेचे ट्रक डोंगरात चढवले. आता भोरच्या पुढे एका उघड्या टेकाडावर ते आम्हाला जीप आडवाटेला कशी घालायची ते शिकवत.

त्यांचा नियम एकच. चढ असो की उतार, गाडीपुढे वाट दाखवणारा माणूस उभा हवा. चाकाखालचं चालवणाऱ्याला दिसत नाही, त्याला दिसतं. त्यानं मूठ वर केली की थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही.

अभिराज पहिल्यांदा आला तो साध्या टायरवर. चढ जमला नाही, तर त्यानं टायर बदलले. मग गाडीची उंची वाढवली. मग पुढे रुतलेली गाडी ओढून काढायची विंच लावली, आणि टपावर दिव्यांची रांग. दिवसाउजेडी शिकायला येणाऱ्याला दिवे कशाला, ते तोच जाणे. हौसेला मोल नसतं म्हणा. गाडी दर खेपेला नवी दिसायची, चालवणारा होता तिथंच.

त्या सकाळी उतारावर गाडीपुढे उभ्या मृण्मयीनं मूठ वर केली होती. आम्ही सगळ्यांनी पाहिली. यानं गाडी तशीच रेटली. चाक मुरमावरून घसरलं, आणि ती बाजूच्या ओढ्यात उडी टाकून वाचली.

"हिनं मूठ उशिरा दाखवली," अभिराज म्हणाला. "आणि ब्रेक वेळेवर लागले नाहीत."

"मी मूठ वर केली तेव्हा तू म्हणालास, 'गप, मला कळतंय,'" मृण्मयी म्हणाली. "काच उघडी होती. ऐकलंय मी."

मग ती उस्तादांकडे वळली.

"मी आता याच्या गाडीपुढे उभी राहणार नाही. कधीच नाही."

उस्तादांना राग आला की त्यांचा आवाज खाली उतरतो.

"किल्ली."

"उस्ताद, ते ब्रेकचं..."

"किल्ली दे म्हटलं ना."

त्यांनी गाडी माझ्याकडून पुन्हा वर नेऊन लावून घेतली. मग किल्ली मृण्मयीच्या हातात ठेवली.

"पोरी, कोपर दुखतंय?"

"दुखतंय. पण वळतंय."

"गाडी चालवतीस?"

"रोज. पण ही नाही चालवली कधी. हात लावू देत नाही तो."

"हीबी चार चाकांचीच हाय. बस."

अभिराज उसळला. "हिला झेपायची नाही ती! दोन टनांचं धूड आहे!"

"मघाशीबी दोन टनांचंच होतं." उस्तादांनी ओढ्याच्या काठाकडे बोट केलं. मघाशी ती उभी होती तिथंच. "जा. उभा राहा तिथं."

"मी?... उस्ताद, पण..."

"जा!"

या खेपेला मात्र ते ओरडले. टेकाडावरच्या टिटव्या उडाल्या.

अभिराज गेला. उस्ताद मृण्मयीच्या शेजारी बसले, दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवून.

गाडी उताराला लागली. पहिला गिअर, मुंगीच्या पावलांनी.

स्वतःची गाडी समोरून येताना अभिराजनं तोवर कधी पाहिली नव्हती. ते जाड टायर, ती उंची, ती विंच... हौसेनं बसवलेलं सगळं आता त्याच्याच अंगावर येत होतं.

वाट मोकळी होती. गाडीही बरीच लांब होती. थांबवायला काही कारण नव्हतं.

तरी त्याची मूठ वर गेली.

गाडी थांबली. जागच्या जागी.

...

एक खडा घरंगळत ओढ्यात गेला.

मृण्मयीनं 'का' म्हणून विचारलं नाही. चेहरा रागानं लाल झाला होता, कोपरातून पुन्हा रक्त येत होतं, पण गाडी तसूभर हलली नाही. ती त्याच्या मुठीकडे बघत बसून राहिली.

त्याला मूठ खाली घेता येईना.

"उस्ताद..." तो म्हणाला. "ब्रेक... लागले."

उस्तादांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ब्रेक तेच हायेत. पाय बदललाय."