दाईची फळी

खूप खूप मागे, आजच्या वाटांवर जेव्हा रान उभं होतं त्या काळी, समुद्रापलीकडे एक राज्य होतं. तिथल्या जत्रांमध्ये चिंपांझी पिंजऱ्यात घालून दाखवत. कुणाला झबलं, कुणाला टोपी. लोक हसत आणि पुढच्या खेळाकडे जात.

एकदा राणीने एका पिंजऱ्यात वाकून पाहिलं. आतल्या पिल्लानेही मान तिरकी करून, वाकून राणीकडे पाहिलं. ‘ही कोण बरं?’ असं. राणीला हसू आलं नाही. तिने राज्यातले सगळे पिंजरे उघडायला लावले.

उघडले खरे, पण पुढे काय? माणसांत वाढलेल्या चिंपांझींना रान ठाऊकच नव्हतं. म्हणून रानाच्या कडेला मोठं आवार बांधलं आणि त्यांना सांभाळायला एक बाई नेमली. तिला सगळे दाई म्हणत. दाई चांगली शिकलेली होती. त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीत शंका यायची, आणि शंका फिटली की ती बरोबर फिटली ना, अशी दुसरी यायची.

जेवणवेळ झाली की ती लाकडी फळीवर वाजवायची. टक, टक-टक. सगळे धावत यायचे. सर्वांत पुढे राणीकडे वाकून पाहणारं ते पिल्लू. खारकांवर तिचा फार जीव, म्हणून तिचं नाव खारकी. दाई तिच्या पोटाला हात लावून बघायची. भरलं की नाही? भरलेलंच असायचं. तरी एक खारीक अजून.

इकडे राणीने दवंडी पिटवली. नदीपासून डोंगरापर्यंतचं रान आजपासून राखीव. तिथे कुऱ्हाड न्यायची नाही, फास लावायचा नाही. पिल्लं मोठी झाली की त्या रानात मोकळी सोडायची. आणि त्यांतलं कुणी माणसांकडे परत आलं, तर खायला द्यायचं नाही, थाळ्या वाजवून माघारी पाठवायचं. कारण माणसाची ओढ उरली, तर उद्या एखादा फासेपारधी त्या ओढीनेच त्यांना जाळ्यात ओढेल.

रानाकडेच्या गावची कारभारीण फटकळ होती. ती म्हणाली, “म्हणजे आम्ही मध सोडायचा, सरपण लांबून आणायचं, आणि दारी आलेल्याला थाळी वाढायची नाही, वाजवायची! छान पाहुणचार आहे.”

पण बोलली तरी सगळ्या गावाला घेऊन तिने रान पिंजून काढलं आणि जुने फास उपसून जाळले.

आता एकच काम उरलं. रानातले चिंपांझी रोज संध्याकाळी झाडावर फांद्या वाकवून नवं अंथरूण करतात. हे या पिल्लांना कोण शिकवणार? दाईने पदर खोचला आणि चढली झाडावर. फांद्या वाकवल्या, पाला पसरला. अंथरुणाची एक बाजू लोंबत राहिली. दाई त्यात बसली आणि त्याच बाजूने खाली आली. चिंपांझी हू-हू करत लोळले. खारकी मात्र बराच वेळ ते लोंबतं टोक निरखत राहिली.

मग एके सकाळी आवाराचं दार उघडलं. एकेक जण रानात शिरला. खारकी सर्वांत शेवटी गेली.

दाईला दिवसभर घास उतरेना. काही खाल्लं असेल का? आजच सोडायला नको होतं का? दुसऱ्या दिवशी ती हळूच आवारामागे गेली. ‘एकदाच,’ म्हणाली, आणि फळी वाजवली. टक, टक-टक.

खारकी आली, तिच्या मागे बाकीचेही. दाईने खारकीच्या पोटाला हात लावला, खारीक दिली. मग ते रोजचंच झालं. बाकीचे चिंपांझी हळूहळू यायचे थांबले. खारकी थांबली नाही, कारण दाई थांबली नाही.

कारभारणीने हे पाहिलं. “दाईबाई, तुमची थाळी कुठाय?”

“उद्यापासून वाजवते, कारभारीणबाई.”

“आणि ती फळी?”

दाईने फळी पदराआड घेतली. आपण काही वाईट करत नाही, असं तिला वाटत होतं. आपल्याशिवाय ऐकतंय कोण?

पण नदीपलीकडे झुडपांत एक फासेपारधी बसून ते रोज ऐकत होता.

एका दुपारी दाई गावात खारका घ्यायला आली होती. फळी काखेतच होती. इतक्यात नदीकडून आवाज आला.

टक, टक-टक.

दाईने फळीकडे पाहिलं. “मी तर इथे आहे,” ती म्हणाली. “मग तिथे कोण वाजवतंय?” आणि खारका टाकून धावत सुटली. कारभारणीला कळायला वेळ लागला नाही. “थाळ्या घ्या!” ती ओरडली.

नदीकाठी जाळं पसरलेलं होतं. जाळ्यावर बसून खारकी निवांत खारीक चघळत होती, आणि पारध्याचा हात दोरीवर होता. तेवढ्यात सगळा गाव थाळ्या बडवत येऊन धडकला. पारधी जाळं टाकून पळाला. खारकी दचकली आणि उंच झाडावर चढली.

थाळ्या थांबल्या. खारकीने खाली पाहिलं. तिला दाई दिसली. ती एकेक फांदी उतरू लागली.

दाईचे हात आपोआप पुढे झाले. कारभारणीने आपली थाळी पुढे केली.

दाईने ती घेतली आणि वाजवली.

खारकी थांबली. मान तिरकी करून पाहू लागली, पिंजऱ्यातून पाहिलं होतं तसंच. ‘ही कोण बरं?’ दाईने आणखी जोरात वाजवली, हात दुखेपर्यंत. मग खारकी वळली आणि रानात दिसेनाशी झाली.

त्या दिवशी दाईने फळी चुलीत घातली. वरचा भात थोडा करपला.

पारधी पुन्हा कितीतरी वेळा येऊन टकटक करत बसला. कुणीच आलं नाही. शेवटी तो ते रान सोडून गेला.

पुढे एका संध्याकाळी दाई कारभारणीसोबत रानाच्या हद्दीवर थाळी घेऊन बसली होती. समोरच्या झाडाच्या शेंड्यावर तिला फांद्यांचं नवं अंथरूण दिसलं. त्याची एक बाजू लोंबत होती. अगदी दाईच्यासारखी.

“पडेल का हो ती?” दाईने विचारलं.

“तुम्ही पडलात, मेलात का?” कारभारीण म्हणाली.

अंथरुणातून एक काळा हात बाहेर आला. त्याने लोंबतं टोक चाचपलं आणि आत ओढून घेतलं.

लहानांनो आणि मोठ्यांनो, बोध एवढाच: ज्याला मोकळं सोडायचं, त्याला आपल्या हाकेतूनही सोडावं लागतं.