दादांच्या हातची गाठ

लग्नाच्या रिसेप्शनला नवरदेव टाय लावूनच उभा राहायचा, त्या काळात एक किरमिजी टाय अच्युतरावांच्या कपाटात राहायला आला. लग्नाच्या दिवशी त्याची गाठ बांधली थोरल्या भावाने, दादांनी. अच्युतरावांना गाठ बांधणं कधी जमलंच नाही. म्हणून ते ती सोडत नसत. सैल करून टाय डोक्यावरून काढायचे आणि तसाच कपाटातल्या खुंटीला अडकवायचे.

पुढे टाय लावणं मागे पडलं. शेजारचा टी-शर्ट हिणवायचा, "टायकाका, आता साहेबसुद्धा टी-शर्टात ऑफिसला येतो. तुम्ही उगाच जागा अडवता!" टायला जुन्या लग्नांतलं अत्तर आठवे.

दिवाळीच्या आवराआवरीत मालतीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, याची गाठ सोडते. पडदा बांधायला होईल."

त्यांनी टाय खुंटीवरून काढला, तशी टायने गाठ घट्ट आवळून धरली.

"नको गं," अच्युतराव घाईने म्हणाले. "दादा गेले. त्यांच्या हातचं एवढंच राहिलंय."

त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला आणि टाय परत खुंटीला लावला.

टी-शर्टने अंग चोरून टायला जागा करून दिली.