रेवड्याची शेपटी

त्या राज्यात दोन तऱ्हेचे जीव एकाच गल्लीत राहत: हाडामांसाचे आणि रेघांचे. रेघांच्यांना पडून मरण नव्हतं. कड्यावरून पडले की पापडासारखे चपटे व्हायचे. कुणी शेपटी धरून झटकलं की टुणकन उभे. त्यांचा जीव मात्र लोकांच्या हसण्यावर होता. लोक हसले की रेघ काळीभोर, हसेनासे झाले की पुसट. पुसता पुसता एखादा दिसेनासाच व्हायचा, आणि शेजारपाजारचे म्हणायचे, बरा होता हो बिचारा.

रेवड्या हा रेघांचा मुंगूस. भिवा हा हाडामांसाचा माणूस. बाजारच्या दिवशी रेवड्या बुरुजावरून पडे, भिवा त्याला झटके, आणि पोरंबाळं घेऊन आलेली माणसं खदखदून हसत. रेवड्या राहायचाही भिवाच्याच घरी. खात काही नसे, तरी भिवाची बायको चंद्रा त्याचं ताट मांडायचीच.

पुढे लोकांना कंटाळा आला. पडतो नि उठतो, त्यात काय मोठंसं? माणसं जांभया देऊ लागली आणि रेवड्याची शेपटी टोकाकडून विरायला लागली. चंद्राने काजळ लावून पाहिलं, ते टिकेना. एके दिवशी झटकायला गेलेल्या भिवाच्या चिमटीत काही आलंच नाही.

घरी येऊन तो म्हणाला की पुढच्या बाजारी आपण पडायचं, रेवड्याने झटकायचं. खाली गवत टाकू, बुरुजाची पायरीही खालचीच घेऊ. रेवड्याला केवढा आनंद झाला! पडणं म्हणजे काय, हे त्या वेड्याला कुठून कळणार? जन्मभर तो नुसता पडत आला होता.

चंद्रा मात्र हातातलं काम टाकून म्हणाली, "अहो, तुम्हाला शेपटी नाही."

बाजार भरला. भिवा खालच्या पायरीवर चढून उगीच लटपटला. लोक फिस्सकन हसले, आणि रेवड्याच्या शेपटीत बोटभर काळं उतरलं. भिवाने ते वरून पाहिलं. तो आणखी एक पायरी चढला. मग आणखी एक. शेपटी भरत होती आणि भिवा तिच्याकडेच बघत चढत होता. गवत कुठल्या बाजूला आहे, हे बघायचं त्याला सुचलं नाही.

तो पडला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

रेवड्या धावत गेला. शिरस्त्याप्रमाणे त्याने धरायला शेपटी शोधली, मिळेना, तेव्हा सदऱ्याची बाही धरून झटकायला लागला. लोक पोट धरधरून हसू लागले. त्याने दुसरी बाही धरली.

"ऊठ ना, भिवादादा," तो म्हणाला. "सगळे हसतायत."

गर्दीतून वाट काढत चंद्रा पोचली, तेव्हा रेवड्या अजून झटकतच होता. त्याची शेपटी टोकापर्यंत काळीभोर झाली होती. एकेक केस मोजून घ्यावा इतकी ठळक.