तिसरी किल्ली

हुकूम आला की हातोडा उचलायचा, तोंड उघडायचं नाही! चिमाच्या घरात हा नियम पणजोबांपासून चालत आला होता, आणि "का?" असं विचारायची सोय त्यात कुणी ठेवलीच नव्हती.

अंबेगडात निरोप पितळी डबीतून जात. डबीला इवलंसं कुलूप आणि कुलपाला दोन किल्ल्या. एक निरोप पाठवणाऱ्याकडे, दुसरी तो ज्याला जायचा त्याच्याकडे. मधल्या जासुदाच्या हाती नुसती डबी! ही कुलपं चिमाचे वडील सटवाजी लोहार घडवत. चिमाची बहीण वेणू सासरहून अशाच डबीतून चिठ्ठ्या धाडायची, आणि त्यातलं अर्धं जरी सासूच्या कानावर गेलं असतं, तर वेणू दुसऱ्या दिवशी बोचकं घेऊन माहेरी आली असती.

त्या वर्षी सरकारी कोठारातला गूळ तीनदा चोरीला गेला. रंभाजी कोतवालांनी राजे जगदेवरावांचे कान भरले, "चोर डब्यांतून मसलती करतात, महाराज! आम्हाला डबी दिसते, आतलं दिसत नाही."

झालं! राजांनी हुकूम सोडला. सटवाजीने आठ दिवसांत तिसरी किल्ली घडवावी. तिने राज्यातली प्रत्येक डबी उघडावी. मात्र ती कोतवालाच्याच हातात फिरावी, चोराच्या हातात मुळीच फिरू नये. जमलं नाही, तर सटवाजीची भट्टी कायमची विझेल!

लोहारआळीचे पंच सटवाजीच्या ओट्यावर जमले.

"घडवून टाक," म्हातारे बाळोबा म्हणाले.

"पण बाळोबाकाका, हात कोणाचा ते लोखंडाला कसं कळणार?" चिमाने आतून विचारलं.

"तू भाता ओढ, पोरी."

"ओढतेच आहे. भाता ओढताना कान बंद होत नाहीत!"

"हिला कुणी विचारलं का?"

"नाही ना! तिथंच तर चुकलं तुमचं."

सटवाजींनी कपाळाला हात लावला. सात दिवस त्यांनी लोखंड तापवलं, ठोकलं, पुन्हा तापवलं. आठव्या दिवशी चिमाने त्यातला एक कोरा तुकडा उचलला आणि तडक दरबार गाठला. मागोमाग सटवाजी आणि पंच, "अगं थांब, अगं थांब" करत!

"किल्ली कुठंय?" राजांनी विचारलं.

"हे तिचं लोखंड, महाराज. दाते तेवढे पाडायचे राहिलेत. कोतवालाचा हात आणि चोराचा हात ओळखायचा कसा, ते आपण एकदा दाखवा. तसेच दाते पाडते."

"एवढंच? अगं, बारा वर्षं रंभाजीचा हात मला मुजरा करतोय!"

चिमाने कनात लावून घेतली आणि तिला सात भोकं पाडली. मागे कोतवाल आणि तुरुंगातले सहा चोर उभे केले, सगळ्यांच्या अंगठ्या-कडी उतरवून. कोण कुणाशेजारी उभं राहायचं, तेही तिनेच ठरवलं. सात भोकांतून सात हात बाहेर आले.

राजांनी पहिला हात उलटासुलटा केला. "छे, हा दरोडेखोर!" तिसरा हात हुंगला. "चिकट बोटं, गुळाचा वास! हाच माझा चोर, याला सोडू नका!" चौथा हात मात्र त्यांनी दोन्ही हातांत प्रेमाने दाबून धरला. "स्वच्छ नखं, स्थिर बोटं. हा प्रामाणिक हात. हाच माझा रंभाजी!"

कनात पडली. चौथ्या भोकामागे भुऱ्या खिसेकापू लाजत उभा होता. गुळाचा हात रंभाजी कोतवालांचा!

"न्याहारीला गूळपोळी होती, महाराज," कोतवाल पुटपुटले.

"आपल्याला दोन डोळे आहेत, महाराज, नाक आहे, बारा वर्षांची ओळख आहे," चिमा म्हणाली. "माझ्या लोखंडाला यातलं काय आहे?"

"हात ओळखायची गरजच नाही!" कोतवाल उसळले. "किल्ली माझ्या कमरेला राहील. चोराच्या हाती लागेलच कशी?"

"तुरुंगाच्या किल्ल्या आहेत का कमरेला, कोतवालसाहेब?"

कोतवालांनी कमर चाचपली. उजवीकडे चाचपली, डावीकडे चाचपली. भुऱ्या खाकरला आणि त्याने जुडगा पुढे केला. "शेजारीच उभं केलं होतं, साहेब. राहवलं नाही!"

दरबारात खसखस पिकली. राजांनी हसू दाबलं. "मग माझे चोर मी धरायचे कसे?"

"ज्याचा संशय येईल त्याच्या दारात जा. चार माणसं साक्षीला घ्या, संशय का आला ते सांगा आणि त्याचीच किल्ली मागा. एका चोरासाठी अख्ख्या गावाच्या डब्या कशाला?"

राजे जरा मऊ झाले. "बरं, कोतवालाला नको. एकच किल्ली घडव, फक्त माझ्यासाठी. राजाच्या हातून कोण काय नेणार?"

"घडवतो, महाराज, घडवतो!" पंच एका सुरात म्हणाले.

"नाही," चिमा म्हणाली.

"पोरी!" बाळोबा ओरडले. "हुकूम आला की..."

"महाराजांनी आधी आपलं बोट बघावं."

राजांनी पाहिलं. माणकाची अंगठी गायब! भुऱ्याने मान खाली घातली आणि मूठ उघडली. "महाराजांनी एवढ्या प्रेमाने हात धरला, मी तरी काय करणार?"

राजे असे हसले की पगडी कानावर आली! त्यांनी अंगठी उचलली आणि चिमाच्या तळहातावर ठेवली. "ही तुझी. भट्टी पेटती ठेव आणि डब्या कुलूपबंद!" मग ते बाळोबांकडे वळले. "काय म्हणत होतात तुम्ही? हुकूम आला की... पुढे?"

बाळोबांनी पंचांकडे पाहिलं. पंचांनी जमिनीकडे पाहिलं. "आधी तोंड उघडायचं, महाराज," चिमाने वाक्य पुरं केलं, "आणि मग हातोडा उचलायचा!"