बिनउद्यापनाच्या वशाची कहाणी

ऐका बायांनो, बिनउद्यापनाच्या वशाची कहाणी. दोष कुणाचा ते आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे शेवटी कुणी देवाकडं बोट दाखवायला नको. दोष अंतोबा तांबटाचा. देवाचा नाही, दैवाचा नाही, मागल्या जन्माचा तर मुळीच नाही.

नगर होतं आटपाट, मधून वाहायची नदी. अलीकडं तांबटआळी, पलीकडं मोठा दवाखाना. तांबटआळीत अंतोबा राहायचा. त्याची बायको द्वारका, दहा वर्षांची लेक बकुळा आणि विधवा थोरली बहीण आक्का. अंतोबाच्या घागरीला चार गावांत नाव होतं. ते नाव आपल्या हातोड्याचं, असं तो म्हणायचा. खरं म्हटलं तर ते द्वारकेच्या बोटांचं होतं. भांडं ठोकून झालं, की ती आत कोपरापर्यंत हात घालायची, डोळे मिटायची, बोटं फिरवायची. कुठं पोचा आहे, कुठं चीर आहे, कुठं पत्रा पातळ झालाय, ते डोळ्यांना दिसायच्या आधी तिच्या बोटांना लागायचं. ती म्हणायची, "इथं." अंतोबा तिथं ठोकायचा. वीस वर्षांत तिचं 'इथं' एकदाही चुकलं नाही.

मग एका आषाढात काय झालं? न्हाताना तिचा हात आपल्याच छातीवरून फिरला, नि बोटं थांबली. तिनं डोळे मिटले, पुन्हा फिरवली. मग ती नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली, म्हणाली, "इथं." अंतोबानं मान वर केली नाही. आक्का म्हणाली, दूध साकळलं असेल. दहा वर्षांच्या पोरीचं दूध. कुणी हसलंसुद्धा नाही.

मग भाद्रपद आला. सुपारीएवढं होतं ते लिंबाएवढं झालं. ती पुन्हा म्हणाली, "इथं." आक्कानं एरंडाचं पान शेकून बांधलं. वर सांगितलं, बाईच्या जातीनं असलं काही परपुरुषाला दाखवू नये, आमच्या आईनं मरेस्तोवर दाखवलं नाही. आई कशानं मेली, ते मात्र आक्कानं सांगितलं नाही.

मग पौष आला. छातीची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली. ती तिसऱ्यांदा म्हणाली, "इथं." तेव्हा अंतोबाकडं देवस्थानचं घंगाळ आलं होतं, चार माणसांनी उचलावं एवढं मोठं. तो म्हणाला, "घंगाळ जाऊ दे. मग बघू." घागरीत 'इथं' म्हटलं तर हातातला घास टाकून उठणारा हा माणूस. छातीत म्हटलं तर मग बघू.

मग माघात घंगाळ ठोकून झालं. द्वारका काठावर ओणवी झाली, आत हात फिरवू लागली. पोलकं ओलं झालं, काठावरून रक्ताचा ओघळ आत गेला. अंतोबानं तो पाहिला नि म्हणाला, भांडं बाटवलंस. चिंच लावून त्यानं ते तीनदा घासलं. आणि दुसऱ्या दिवशी तिला नदीपलीकडं नेलं. सात महिने बाई सांगत होती तेव्हा नेलं नाही. देवाचं भांडं बाटलं, तेव्हा नेलं.

डॉक्टरणीनं तपासलं, फोटो काढले. म्हणाली, मूळ छातीत आहे नि फुटवे पाठीच्या हाडांत गेलेत. हरळीसारखं आहे, उपटून संपायचं नाही. पण खुडत राहिलं तर जगता येतं. अंतोबानं विचारलं, किती? ती म्हणाली, "बऱ्याचजणींना दोन-तीन वर्षं. काहीजणींना पुष्कळ." अंतोबानं पहिलं वाक्य ऐकलं. द्वारकेनं दुसरं ऐकलं. तिला ऐकावंच लागलं. आपला हात तिला बकुळेला द्यायचा होता, आणि तांबटाच्या घरात हात तयार व्हायला सात वर्षं लागतात. दोन-तीन पुरत नव्हती.

मग ती बाहेर आली. तिथं बाकावर सात बाया बसल्या होत्या. सातींच्या हाताला सलाईन, सातींच्या डोक्याला रुमाल, रुमालाखाली केस नाहीत. द्वारकेनं विचारलं, काय गं बायांनो, काय करता? त्यांतली हमीदाबी म्हणाली, वसा वसतो. द्वारका म्हणाली, तो वसा मलाही सांगा. हमीदाबीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "तू उतायची नाहीस, मातायचीही नाहीस, उतायला तुझ्या अंगात उरलंय काय? पण घरचे सांगतील तेव्हा टाकशील." द्वारका म्हणाली, टाकणार नाही.

मग हमीदाबीनं वसा सांगितला. रोज एक गोळी, चुकवायची नाही. महिन्याला एक सुई, लांबवायची नाही. तीन महिन्यांनी फोटो, भ्यायचं नाही. आणि आपल्या अंगावर आपला हात फिरवायचा, लाजायचं नाही. द्वारकेनं विचारलं, ह्यानं काय होतं? हमीदाबी म्हणाली, "कुणाला दोन वर्षं होतात, कुणाला दहा. कुणाला काहीच होत नाही. खोटं कशाला सांगू? मला आठ झाली." आणि उद्यापन कधी करायचं? सातीजणी हसल्या. हमीदाबी म्हणाली, "ह्याला उद्यापन नाही गं. मी विचारून बघितलंय."

मग द्वारकेनं वसा वसला. आषाढ गेला, आश्विन गेला, पुन्हा माघ आला. जखम सुकली, गाठ विरली, फोटोत हाडं शांत दिसू लागली. ती बकुळेला मांडीशी घेऊन बसायची. घागरीत दोघींचे हात जायचे, थोरला वर, धाकटा खाली. पोरीला पोचा लागायचा नाही, की ती रडायची. आई म्हणायची, अजून सहा वर्षं आहेत, रडतेस कशाला?

एवढं बरं चाललेलं थोरल्यांना बघवेल कसं? आक्का म्हणाली, वर्ष झालं, व्रत फळलं, मग उद्यापन का नाही? फळलेलं व्रत तसंच लोंबकळत ठेवलं तर घरावर येतं. अंतोबाला ते पटलं. त्याला आणखीही एक पटलं होतं. बायको महिन्याच्या महिन्याला नदीपलीकडं का जाते, हे आळी विचारायची नि त्याची मान खाली जायची. द्वारका म्हणाली, ह्याला उद्यापन नाही, हमीदाबी म्हणाली आहे. अंतोबा म्हणाला, "आपल्या घरातलं व्रत कधी संपवायचं, ते ती कोण सांगणार?"

मग उद्यापन झालं. भटजीनं व्रत कोणत्या देवाचं ते विचारलं नाही, दक्षिणा घेतली. पाच सवाष्णी जेवल्या, पुरण झालं, ओट्या भरल्या. संध्याकाळी अंतोबा निर्माल्य घेऊन नदीवर गेला. फुलं सोडली, दूर्वा सोडल्या, गोळ्यांच्या तीन डब्या सोडल्या. आणि ऐका बायांनो, द्वारका काठावर उभी होती, पण तिनं त्याचा हात धरला नाही. थोडं बरंच वाटलं तिला. रोज सकाळी गोळी जिभेवर ठेवून 'मी आजारी आहे' असं स्वतःला सांगायचं नाही, ह्याचं बरं वाटलं. तेवढं बरं वाटण्याचा तिला हक्क होता. तिचा वसा थांबवायचा हक्क अंतोबाला नव्हता.

मग दहा महिने गेले. ती हंडा उचलायला वाकली नि पाठीत कट्‌ असं वाजलं. ती तिथंच बसली. हंड्यातलं पाणी दारापर्यंत गेलं.

ह्या खेपेला बकुळा ओरडली, आळी जमली, शेजाऱ्यांनी बाजेवर घालून तिला नदीपलीकडं नेलं. बाकावर सातांतल्या तिघी होत्या. चौघी गेल्या होत्या. वसा न टाकताही गेल्या होत्या, तेही सांगितलं पाहिजे. हमीदाबी होती. ती रागावली नाही. सरकली, म्हणाली, "बस. जागा आहे."

डॉक्टरीण म्हणाली, जुनी गोळी आता ऐकायची नाही. कडक औषध द्यावं लागेल, शिरेतून, सहा महिने. केस जातील, ते येतील. बोटांची जाण जाईल, ती बहुतेक यायची नाही. द्वारकेनं आपले हात पाहिले. विचारलं, गोळी टाकली नसती तर? डॉक्टरीण खोटं बोलली नाही. म्हणाली, तर इतक्यात हे औषध लागलं नसतं.

द्वारकेनं औषध घेतलं. तिसऱ्या सलाईनला बोटांना मुंग्या आल्या, पाचव्याला बोटं लाकडाची झाली. पोलक्याचं बटण लागेना, चहाचा पेला कधी पोळला ते कळेना. पण हाडं पुन्हा शांत झाली. नवी गोळी मिळाली. वसा पुन्हा सुरू झाला.

आणि हात? तो पोरीला कसा द्यायचा? मग द्वारकेनं रीत बदलली. घागरीत आता पोरीचा एकटीचा हात. आई शेजारी डोळे मिटून बसायची नि विचारायची, काय लागतं? पोरगी सांगायची, गार लागतं, खरखरीत लागतं, इथं पाणी थांबेल असं वाटतं. आई म्हणायची, तो पोचा. ती चीर. तो पातळ पत्रा. मग नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायची, इथं. असं एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. अंतोबा दोन हातांवर, ऐरणीपाशी मान खाली घालून बसायचा. घागर पुढं सारायचा, 'इथं' ऐकायचा, ठोकायचा. 'इथं' म्हणणारा आवाज बायकोचा नि सांगणारा हात लेकीचा, हे त्याला पाच वर्षांत कळलं नाही. त्यानं तिच्या बोटांचं कधी विचारलंच नाही.

मग सात वर्षं भरली. बकुळा सतरा वर्षांची झाली, हात तयार झाला. त्याच महिन्यात आक्का म्हणाली, सात वर्षं म्हणजे थोडी नव्हेत, आता मोठं उद्यापन घाला. अंतोबा भटजीकडं निघाला. बकुळेनं चपला घातल्या. गोळ्यांच्या डब्या परकराच्या ओच्यात बांधल्या, आईचा दंड धरला नि पूल ओलांडला. दवाखान्यामागं हमीदाबीची खोली होती. हमीदाबी म्हणाली, "बसा. जागा आहे."

पोर डॉक्टरणीच्या हाताखाली लागली. बायांना जवळ बसवायची, त्यांचाच हात त्यांच्या छातीवरून कसा फिरवायचा ते शिकवायची. हमीदाबी आपल्या वशाच्या सतराव्या वर्षी गेली, तीही ह्या रोगानं नाही, तापानं. द्वारकेनं तिची जागा घेतली. बाकावर नवी बाई आली, की ती सरकायची.

मायलेकींनी पूल ओलांडला त्याला पाच वर्षं झाली. एके दिवशी अंतोबा पूल ओलांडून आला. मागं चार माणसं नि त्यांच्या खांद्यावर घंगाळ. देवस्थाननं परत केलं होतं, गाभाऱ्यात पाझरलं म्हणून. आक्का वारली होती. चार गावांतली गिऱ्हाइकं तुटली होती. घंगाळ त्यानं द्वारकेपुढं ठेवलं नि म्हणाला, "हात फिरव. कुठं आहे ते सांग."

द्वारकेनं आत हात घातला. डोळे मिटले. तळ फिरला, काठ फिरला, पुन्हा तळ फिरला. मग हात बाहेर काढला. म्हणाली, "मला काही लागत नाही."

अंतोबाला वाटलं, सूड घेते. म्हणाला, मनात अढी ठेवू नकोस.

ती म्हणाली, "अहो, खरंच लागत नाही. दहा वर्षं झाली. डब्या तुम्ही नदीत सोडल्यात, त्यांच्यामागं गेलं ते."

अंतोबा तिच्या बोटांकडं बघत राहिला. मग त्याला कळलं, पाच वर्षं हात कुणाचा होता. तो वळला. बकुळा दारात उभी होती. त्यानं घंगाळ तिच्याकडं सरकवलं. बकुळेनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"उद्यापन झालं, आबा," ती म्हणाली.

मग चार माणसांनी घंगाळ उचललं. जसं आलं तसं गेलं.

द्वारकेला वसा घेऊन बारा वर्षं झाली. आज सकाळी तिनं गोळी घेतली. उद्याचं ठाऊक नाही, उद्याची गोळी डबीत आहे. जशी तिला बारा मिळाली, तशी तुम्हां-आम्हांला मिळोत, आणि ती कुणी आपल्या हातानं नदीत न सोडो. साठजणी ऐकतील, पाचजणी घरी जाऊन हात फिरवतील, तेवढ्यानं कहाणी सुफळ. संपूर्ण म्हणायचं नाही, हिला उद्यापन नाही.

अंतोबाचे त्यात दोन हात गेले, एक बायकोचा, एक लेकीचा. त्याची भट्टी बंद आहे.