निरोप कोण पोचवणार?

फार जुन्या काळी, नदीकाठच्या एका गावात एक कुंभारीण राहायची. तिला दोन मुलगे. वडिलांच्या माघारी त्यांचं चाक कुणी चालवायचं, यावरून ते भांडले. थोरला रागानं नदीपलीकडे राहायला गेला. निघताना म्हणाला, “जातो.”

त्या गावात घरातून निघणारा ‘येतो’ म्हणायचा. ‘जातो’ कुणी म्हणत नसे. तो शब्द आईच्या काळजात रुतून बसला. वडिलांचं चाकही तेव्हापासून ओसरीत पडून राहिलं.

पुढे आई अंथरुणाला खिळली, तेव्हा थोरला आला. दोघे भाऊ तिच्या दोन बाजूंना बसले. पण बोलायचे ते तिच्यामार्फत.

“आई, त्याला म्हणावं, पाणी हळू पाज.”

“आई, त्याला सांग, मला कळतं.”

आई क्षीण हसली. “अरे, मी गेल्यावर तुमचे निरोप कोण पोचवणार?”

दुपार कलली. तिचा श्वास मंदावला. तेवढ्यात खोलीत ओल्या मातीचा वास दरवळला. ओसरीतलं बंद चाक घुमू लागलं. भट्टीचं तोंड उघडावं तसा उजेड पसरला, पण त्याला धग नव्हती. दारातून कुणीतरी मायेनं हाक मारली, “मैने!”

आईनं दाराकडे मान वळवली. खेळायला बोलावलेल्या पोरीसारखी म्हणाली, “येते हं.”

आणि तिचा श्वास थांबला. उजेडही गेला.

थोरल्यानं दाराकडे पाहिलं. हे खरंच घडलं, की भास झाला? विचारायचं कुणाला? निरोप पोचवणारी तर गेली होती. समोर फक्त भाऊ होता.

शेवटी तो अडखळत म्हणाला, “धाकल्या, तू काही ऐकलंस?”

धाकट्याचे ओठ हलले. “चाक. आणि हाक. दादा, मैना कोण रे?”

 ते नाव दोघांनीही आजवर कधी ऐकलं नव्हतं. दोघे आईचे पाय धरून रडले.

आईचं तेरावं झाल्यावर आजोळची एक म्हातारी भेटली. ती म्हणाली, “तुमच्या आईला तिची आई मैना म्हणायची.”

थोरला परत निघाला. ओसरीत थांबून त्यानं वडिलांच्या चाकावर हात ठेवला. मग भावाकडे वळून म्हणाला, “येतो.”

“लवकर ये,” धाकटा म्हणाला. “माती भिजवून ठेवतो.”

बाळांनो आणि थोरांनो, लक्षात असू द्या: दोघांना मिळून जे लाभतं, ते एकमेकांशी बोलल्यावाचून दोघांचं होत नाही.