साळुंकी आणि टॉवरचा वसा

पुष्कळ दिवस झाले त्याला. टेकडीवरच्या इंटरनेटच्या टॉवरवर एक चौकस साळुंकी राहायची. सांजेला वापरणाऱ्यांची गर्दी झाली की सगळ्या घरांना इंटरनेट सारखंच वाटून द्यायचं, असा टॉवरचा वसा होता.

एकदा इनामदारांच्या घरावरची इंटरनेटची छत्री टॉवरवर फणकारली, "आमच्याकडे देवाचं भजन चाललंय, अन् ते अडखळतंय! त्या धनगराच्या खोपटाचं काढून दे आम्हाला."

"छत्रीबाई," टॉवर म्हणाला, "कोण काय बघतंय ते मी बघत नाही. तुम्ही एकट्याच सात घरांचं ओढू बघताय, एवढंच मला दिसतं."

साळुंकीला राहवेना. ती खोपटाकडे उडाली. आत मोबाइलवर गुरांचे डॉक्टर सांगत होते, "आता पाय धरून हळूच ओढा!" अन् अडलेली शेळी सुटली, करडू बाहेर आलं.

साळुंकी धापा टाकत परतली. "सांगू, तिथं काय चाललं होतं?"

"नको गं बाई," टॉवर म्हणाला. "कळलं तर उद्या माझं पारडं तिकडंच झुकेल."